पायातली कळ कमरेत परत आली तेव्हा

आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि येतं तेही बहुतेक मध्यरात्री. गेल्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात असाच अडीच वाजता नळ सुरू झाला. खालचा हौद भरला, पण मोटार पाणी ओढेना, म्हणून मी बादल्या घेऊन जिना चढायला लागलो. सातवी की आठवी बादली असेल. वाकलो, उचलली आणि तसाच अर्धा वळलो. कमरेत खाडकन चमक भरली. बादली हातातून सुटली, सगळं पाणी जिन्यावरून खाली गेलं आणि मी कठडा धरून वाकलेलाच उभा राहिलो. बायको म्हणाली, "अहो, सरळ व्हा की." सरळ होताच येईना.

मी कटिंग मास्तर आहे. सोलापुरात युनिफॉर्मच्या एका कारखान्यात बावीस वर्षं कापड कापतोय. एप्रिल-मे हा आमचा सीझन. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत माल निघाला पाहिजे, त्यामुळे त्या दिवसांत सुट्टी मागायला जीभ उचलत नाही. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून गोळी आणली, बाम चोळला आणि कामावर गेलो. वीस-पंचवीस किलोचे ताके उचलायचे, टेबलावर कापड पसरायचं, थरावर थर लावायचे आणि वाकून मशीन चालवायची. गोळीच्या जोरावर तीन आठवडे काढले. त्या तीन आठवड्यांची किंमत मी पुढे आठ महिने मोजली, असं मला आजही वाटतं.

मे महिन्यात कंबर थोडी हलकी झाली आणि दुखणं उजव्या पायात उतरलं. आधी कुल्ल्यात, मग मांडीच्या मागून पोटरीत आणि शेवटी पावलाच्या वरच्या बाजूने अंगठ्यापर्यंत. हे नुसतं दुखणं नव्हतं. तापलेली तार आतून ओढावी तशी कळ जायची. खोकला आला, शिंक आली की कळ थेट अंगठ्यापर्यंत. संडासला बसता येईना. जेवायला मांडी घालता येईना. रात्री कोणत्याही कुशीवर दहा मिनिटांच्या वर पडता येईना, त्यामुळे पहाटे तीनला मी घरात भिंत धरून फेऱ्या मारायचो आणि बायको अंधारात जागी असायची. तिने दिवा लावला नाही, काही बोललीही नाही, पण ती जागी आहे हे मला कळायचं.

शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी जे जे सुचवलं ते ते केलं. उसण भरली असेल म्हणून एका पायाळू माणसाला बोलावलं. त्याने कमरेला हळूच पाय लावला. पायाळू बिचारा भला माणूस, पैसे घेत नाही, आणि त्याच्या पायाने माझं काही बिघडलंही नाही. मात्र दुसऱ्या एकाकडे गेलो, त्याने पालथं पाडून गुडघ्याने पाठीवर जोर दिला. त्या रात्री पाय बधिर झाला. ज्याला पायात कळ आहे, मुंग्या आहेत, त्याने नीट तपासणी झाल्याशिवाय कोणाला पाठ मोडू देऊ नये, हे मी हात जोडून सांगतो.

मग एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की एल-४ आणि एल-५ मणक्यांमधली गादी उजवीकडे बाहेर आली असून नसेवर दाब आहे. बाकीच्या दोन गाद्याही झिजलेल्या. एका खासगी डॉक्टरांनी पडद्यावर फोटो दाखवला, पेनाने त्या काळ्या फुगवट्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, या आठवड्यात ऑपरेशन करून घ्या, नाहीतर पाय जाईल. त्यांनी मला टेबलावर झोपवून पाहिलं नव्हतं. पाय हलवून बघितला नव्हता. मी खर्चाचा आकडा ऐकला आणि बाहेर येऊन रिक्षात बसलो. घरी येईपर्यंत मनात एकच: पाय गेला तर मास्तरकी गेली. त्या दिवसापासून दुखण्यापेक्षा भीतीनेच मला जास्त खाल्लं. मी पडूनच राहिलो. हललो तर गादी आणखी सरकेल असं वाटायचं. बारा दिवस अंथरुणात काढले, आणि बाराव्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा जास्त आखडलेला होतो.

माझा भाचा फिजिओथेरपी शिकतो. तो सुट्टीला आला आणि मला जबरदस्तीने सिव्हिलला घेऊन गेला. तिथे गर्दी असते, केसपेपर काढून दोन तास बसावं लागलं, आणि बसणं हीच तर माझी अडचण, म्हणून मी उभाच होतो. पण तिथल्या अस्थिरोगाच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी मला तपासलं. टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं. उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला. साधारण पस्तीस अंशावर कळ आली आणि मी ओरडलो. पायाचा अंगठा वर ताणायला सांगून वरून दाबला. हातोडीने गुडघा आणि घोटा ठोकला. टाचणीने पावलावर कुठे कळतं, कुठे कळत नाही ते पाहिलं. मग विचारलं, लघवी नीट होते का? संडासवर ताबा आहे का? मांड्यांच्या मधल्या जागेत, जिथे सायकलच्या सीटवर बसतो तिथे, बधिरपणा आहे का? ताप येतो का, वजन उतरलंय का?

सगळ्याला नाही म्हणालो. तेव्हा ते म्हणाले, "यातलं एक जरी हो असतं, किंवा पाऊल लोंबकळायला लागलं असतं, तर मी तुम्हाला आजच्या आज अ‍ॅडमिट केलं असतं. लघवी अडली तर रात्री दोनला पण इथं यायचं, सकाळची वाट बघायची नाही. तुमची अंगठ्याची ताकद जराशी कमी आहे, पण टिकून आहे. आपण सहा आठवडे बघू. दर पंधरा दिवसांनी मी ताकद तपासेन. कमी होत गेली तर ऑपरेशनचं बोलू."

मी विचारलं, "पण साहेब, गादी बाहेर आलीय ती आत कशी जाणार?" त्यांनी सांगितलेलं उत्तर मला तोवर कोणीच दिलं नव्हतं. बाहेर आलेला भाग शरीर हळूहळू स्वतःच शोषून घेतं, पुष्कळ लोकांत तो काही महिन्यांत आक्रसतो, आणि नसेभोवतीची सूज उतरली की कळ कमी होते. बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत फरक पडतो. ऑपरेशन वाईट नाही, ज्याला लागतं त्याला लागतंच.

घरी येताना भाच्याने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. नेदरलँड्समध्ये असे पायात कळ जाणारे २८३ रुग्ण घेऊन एक अभ्यास झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. काहींचं लवकर ऑपरेशन केलं, बाकीच्यांना थांबवून व्यायाम-औषधांवर ठेवलं. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षाने पाहिलं तर दोन्हीकडचे सारखेच बरे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावं लागलं, हेही त्याने लपवलं नाही. दुसरी गोष्ट माझ्या रिपोर्टबद्दलची. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक लेख आला. चाळिशीच्या लोकांत निम्म्यांची गादी फुगलेली निघाली, ६८ टक्क्यांची झिजलेली. "मामा, तुझ्या त्या बाकीच्या दोन गाद्या आहेत ना, तशा निम्म्या सोलापूरच्या आहेत," तो म्हणाला. त्या रात्री मी पंधरा दिवसांत पहिल्यांदा सलग तीन तास झोपलो. औषध तेच होतं, भीती उतरली होती.

फिजिओथेरपीच्या खोलीत एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी मशीन लावलं नाही, शेक दिला नाही. आधी विचारलं, "काका, आत्ता या क्षणी पायात सगळ्यात खाली कुठवर दुखतंय? बोट ठेवून दाखवा." मी घोट्याच्या वर बोट ठेवलं. मग त्यांनी मला पालथं झोपवलं, पाच मिनिटं नुसतं. मग कोपरांवर छाती उचलायला लावली. मग तळहात टेकवून, कंबर आणि ओटीपोट सैल सोडून, फक्त छाती वर ढकलायची. भुजंगासनासारखं, पण पाठीचा जोर न लावता सगळं काम हातांनी. दहा वेळा. सहाव्या वेळेला कंबर अशी दुखली की मी थांबलो. त्या म्हणाल्या, "कंबर दुखू दे. पाय कुठवर आहे?"

पोटरीत होता. घोट्यातून पोटरीत आला होता. दहा झाले तेव्हा गुडघ्याच्या मागे होता.

मला वाटलं काहीतरी बिघडलं, कारण कंबर तर आधीपेक्षा जास्त ठणकत होती. मॅडमच्या चेहऱ्यावर मात्र आनंद दिसत होता. पायातलं दुखणं खालून वर सरकत कमरेकडे येणं हे चांगलं लक्षण, असं त्यांनी समजावलं. कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. उलट कमरेतलं कमी होऊन पायात खाली उतरत असेल तर तो व्यायाम तिथेच थांबवायचा. हा एक नियम मला कळला आणि माझ्या हातात माझं दुखणं मोजायची पट्टी आली.

आम्हा कटिंगवाल्यांना मापाशिवाय चैन पडत नाही. घरी पॅटर्नचा खाकी कागद होता. तो फरशीवर पसरून मी त्यावर झोपलो आणि मुलीकडून खडूने माझ्या उजव्या पायाची बाह्यरेषा काढून घेतली, कमरेपासून अंगठ्यापर्यंत. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. रोज रात्री झोपण्याआधी, दुखणं जिथवर पोचलं असेल तिथे एक आडवी रेघ आणि शेजारी तारीख. पहिल्या आठवड्यातल्या रेघा पोटरीत गिचमीड झालेल्या आहेत. जूनच्या वीस तारखेला पहिल्यांदा एक रेघ गुडघ्याच्या वर आहे, आणि तिच्याशेजारी बायकोने कुंकवाचं बोट लावलंय.

व्यायाम दर दोन तासांनी, दहा-दहा वेळा. शिवाय चालणं. पहिल्या दिवशी गल्लीच्या तोंडापर्यंत पाच मिनिटं, तीही दोनदा उभं राहून. सोलापूरचं ऊन माहीतच आहे, म्हणून पहाटे साडेपाचला निघायचो. दर तीन दिवसांनी दोन-तीन मिनिटं वाढवली. महिन्याभराने पंचवीस मिनिटं चालत होतो. नंतर मॅडमनी आणखी व्यायाम जोडले: उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर उचलायची, गुडघ्या-हातांवर येऊन एक हात पुढे आणि विरुद्ध पाय मागे लांब करायचा, खुर्चीवर बसून नस हलकेच पुढे-मागे सरकवायची. पुढे वाकून पायाचे अंगठे धरायचं सक्त मना केलं. आमच्या ओळखीत जो तो मला पश्चिमोत्तानासन कर म्हणत होता.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. शेजारच्या एक आजी आहेत, आम्ही त्यांना अक्का म्हणतो. चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. माझं बघून त्याही पालथ्या झोपून छाती उचलू लागल्या आणि त्यांचे दोन्ही पाय जड पडले. त्यांना भाच्याने सिव्हिललाच नेलं. त्यांचं दुखणं वेगळं निघालं. मणक्यातून नसा जिथून जातात तो कालवाच अरुंद झालेला. त्या चालल्या की पाय भरून यायचे, आणि ओट्यावर वाकून बसल्या की मोकळं वाटायचं. माझ्या उलट. मागे वाकलं की कालवा आणखी आवळतो, म्हणून त्यांना गुडघे छातीशी घ्यायचा व्यायाम दिला आणि थोडं चाला, बसा, परत चाला असं सांगितलं. मणक्याचं दुखणं एका नावाने ओळखलं जातं पण ते एक नसतं. माझा व्यायाम कोणी इथून उचलून करू नये. आधी आपलं कोणतं ते तपासून घ्यावं.

औषधं मी घेतली. सुरुवातीला सूज उतरायची गोळी दहा दिवस, जेवणानंतर, आणि नसेच्या कळेसाठी रात्री एक. त्या रात्रीच्या गोळीने सकाळी डोकं जड असायचं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, म्हणून ती चालू असेपर्यंत कटिंग मशीनला हात लावला नाही. पात्याखाली बोटं असतात. मेडिकलमधून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या एप्रिलमध्ये मी पोटात नुसत्या ढकलल्या होत्या, त्याबद्दल डॉक्टर रागावले. त्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर जठर आणि किडनीला त्रास होतो. मणक्यातल्या इंजेक्शनचंही ते बोलले होते, कळ असह्यच असेल तर काही आठवडे आराम मिळतो म्हणाले. मला गरज पडली नाही.

कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून कंबर ताणणं, यांवर माझे पैसे गेले, ते त्याआधी. पट्टा बांधला की उभं राहताना आधार वाटायचा, पण सोडला की कंबर आणखी दुबळी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरमध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पट्टा आणि ट्रॅक्शन दोन्ही नेहमीच्या उपचारात वापरू नका असं आहे, आणि व्यायाम, माणसाला नीट समजावून सांगणं, मसाज यांना जागा दिलीय. हे मला मे महिन्यात कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कटिबस्तीही केली, सात दिवस. उडदाच्या कणकेचं आळं कमरेवर थापून त्यात कोमट तेल भरतात. अर्धा तास ते तेल तिथे मुरताना कमरेचे आवळलेले स्नायू असे सैल पडायचे की मला तिथेच झोप लागायची. पायाच्या रेघेत तिने फरक पडला नाही, पण त्या अर्ध्या तासाने जो विसावा दिला तो मी नाकारणार नाही.

जुलैअखेर रेघ मांडीच्या मध्यावर आली. ऑगस्टमध्ये ती कुल्ल्यात होती आणि मी स्वतःला बरा समजलो. श्रावणात मोटारसायकलवरून अक्कलकोटला दर्शनाला गेलो. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, पाठीमागे बायको. घरी उतरलो तेव्हा पाय जमिनीवर टेकवताच पोटरीपर्यंत कळ. त्या रात्रीची रेघ कागदावर एकदम खाली आहे, दीड महिना मागे. मी खडू टाकून दिला. मुलीने तो उचलून रेघ काढली, तारीख घातली आणि म्हणाली, "पप्पा, मॅडमनी सांगितलंवतं ना, असं एक-दोनदा होणार म्हणून." होय, सांगितलं होतं. परत पालथं, परत दहा-दहा वेळा. बारा दिवसांत रेघ पुन्हा मांडीत. पहिल्यांदा जे सहा आठवड्यांत झालं ते आता बारा दिवसांत झालं.

कामावर सप्टेंबरमध्ये गेलो. त्याआधी मॅडमनी मला कारखान्यातला फोटो मागितला. मी टेबलाशी उभा असलेला जुना फोटो दाखवला. त्यांनी बोट ठेवलं ते टेबलावर. माझी उंची पाच फूट दहा, टेबल एकतीस इंच. बावीस वर्षं मी दिवसाचे आठ-नऊ तास त्या टेबलावर ओणवा होतो, आणि एवढ्या वर्षांत एकदाही टेप टेबलाला लावली नव्हती. मालकांशी बोललो. मालक तेलुगू, मनाचे मोठे, म्हणाले, "मास्तर, आधी सांगायचं की ओ." सुताराकडून सात इंचाचे सागवानी ठोकळे करून चारी पायांखाली बसवले. खाली एक चार इंचाची फळी ठेवली, तिच्यावर आलटून-पालटून एक पाय ठेवतो. ताका आता दोघांनी उचलायचा, आणि जमिनीवरून नाही, कमरेच्या उंचीच्या रॅकवरून. पहिल्या दिवशी संध्याकाळी मला कंबर असल्याची आठवणच झाली नाही. मी घरी जाऊन बायकोला हेच सांगितलं आणि मला बोलता येईना.

पाण्याचीही सोय बदलली. वीस लिटरच्या बादल्या काढून टाकल्या, दहाच्या आणल्या, आणि प्रत्येक हातात एक अशा समतोल नेतो. उचलताना गुडघे आणि खुबे वाकवून, पाठ सरळ, बादली अंगाशी. वळायचं असेल तर पाय वळवायचे, कंबर नाही. मोटार दुरुस्त केली. हे सगळं ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण माझं दुखणं त्याच पायरीवर सुरू झालं होतं.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीमागे मी तासभर चाललो. मध्ये दोनदा थांबलो. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी कठड्यावर हात टेकून दहा वेळा मागे वाकलो आणि परत चालू लागलो.

आता वर्ष उलटून गेलं. अंगठ्याच्या टोकाला अजून थोडा बधिरपणा आहे, चप्पल घालताना जाणवतो. ताकद पूर्ण आली, डॉक्टरांनी फेब्रुवारीत दाबून पाहिली. तीन तासांच्या वर एसटीत बसलो तर कुल्ल्यात जाणवतं. कागदावर शेवटची रेघ मार्चमधली आहे, कमरेच्या अगदी काठावर. त्यानंतर काढायला काही नव्हतं. कागद अजून तिथेच आहे.

परवा रात्री दोनला पाणी आलं. दहा-दहाच्या बादल्या, सोळा खेपा. झाल्यावर हात पुसले, चटई टाकली, पालथा झोपून दहा वेळा छाती उचलली. बायकोने आतून विचारलं, "कुठवर हाय?"

"कुठंच नाही," मी म्हणालो, आणि ती कूस बदलून झोपली.